मंद उजेडाचा प्रखर ताप

भिंतीवरच्या साध्या बटणाला आयुष्यात दोनच गोष्टी येतात, दिवा लावणे आणि दिवा घालवणे. त्यामुळे त्याचे कोणाशी कधी वाकडे नसते. त्याच्या शेजारी बसणाऱ्या डिमरच्या गोल बटणाची महत्त्वाकांक्षा मात्र मोठी असते. आपण ते हलक्या हाताने फिरवावे, खोलीतला उजेड सावकाश उतरावा आणि त्याबरोबर घरातल्या माणसांचे आवाजही उतरावेत, अशी त्यामागची कल्पना आहे. आमच्या घरी ते फिरवले की उजेड उतरतो आणि माणसांचे आवाज चढतात.

डिमरला दोष द्यावा, तर तोही ज्या काळात जन्मला त्या काळाला धरूनच वागतो आहे. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पिरा नावाच्या गृहस्थांनी राहत्या घराच्या एका रिकाम्या खोलीत खटपट करून भिंतीतल्या बटणाच्या जागी मावेल असा डिमर तयार केला आणि १९६१ मध्ये ल्युट्रॉन ही कंपनी काढली. तोपर्यंत दिवे मंद करण्याचा उद्योग मुख्यतः नाट्यगृहांत चाले, आणि त्यासाठी वापरले जाणारे अवजड रोधक नको असलेली वीज उष्णतेच्या रूपाने जाळून टाकत. नव्या डिमरने वीज जाळण्याऐवजी तिची कापणी सुरू केली. घरात येणाऱ्या ५० हर्ट्‌झच्या विजेच्या सेकंदाला १०० अर्धलहरी होतात. त्या प्रत्येक अर्धलहरीचा सुरुवातीचा तुकडा डिमर छाटतो आणि उरलेला दिव्याकडे पाठवतो. बटण जितके खाली, तितका छाटलेला तुकडा मोठा.

या व्यवस्थेत टंगस्टनच्या तारेचा जुना पिवळा बल्ब अगदी सुखाने नांदत असे. तापणे यापलीकडे त्या तारेला काही कळत नव्हते, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात तिला पुरेसे थंड होताही येत नसे. त्यामुळे मधले तुकडे कोणी कापले आहेत याचा तिला पत्ताच लागत नसे. आपल्याला सरासरीने कमी वीज मिळते आहे, एवढे जाणून ती निमूटपणे पिवळ्याची नारिंगी आणि नारिंगीची लालसर होत असे. फार तर खालच्या पट्टीत थोडी गुणगुणे. या आज्ञाधारकपणात एक लबाडी होती, ती म्हणजे उजेड ज्या वेगाने घटे त्या वेगाने विजेचा वापर घटत नसे. पण उजेडाकडे पाहणारा माणूस त्याच वेळी मीटरकडे पाहत नाही, म्हणून ही लबाडी खपून गेली.

हॅलोजन हा याच घराण्यातला, पण जरा मानी. त्याच्या आतला वायू तारेवरून उडालेले टंगस्टन पुन्हा तारेकडे नेऊन पोचवतो, आणि त्यासाठी काच सुमारे २५० अंश सेल्सिअसइतकी तापलेली लागते. सतत मंद ठेवल्यास हे काम थंडावते आणि काच काळवंडते. यावर उपाय म्हणजे त्याला अधूनमधून पूर्ण तेजाने जळू द्यायचे. म्हणजे रात्री शांतपणे वाचत बसावे आणि मध्येच दिव्याची हौस भागवण्यासाठी डोळे दिपवून घ्यावेत. सीएफएलविषयी मी फार लिहीत नाही, कारण गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. बहुतेक सीएफएल डिमरसाठी केलेल्याच नव्हत्या. डिमरवर लावल्या की त्या गुरगुरत, लुकलुकत आणि अकाली जात.

खरा छळ एलईडीने मांडला. एलईडी बल्बच्या पोटात ड्रायव्हर नावाचे एक छोटे सर्किट असते. बाहेरची वीज कशीही आली तरी आतल्या एलईडीला एकसारखा प्रवाह द्यायचा, हेच त्याचे काम. आता ज्याचा जन्मच विजेतले दोष झाकण्यासाठी झाला, त्याच्यासमोर डिमर मुद्दाम दोष घालून वीज पाठवतो. साधा ड्रायव्हर ते दोष निष्ठेने भरून काढत बसतो आणि ते जमेनासे झाले की लुकलुकू लागतो. ज्या बल्बवर ‘डिमेबल’ असे छापलेले असते, त्याचा ड्रायव्हर लहर किती कापली आहे हे पाहून तेवढा प्रवाह कमी करतो, निदान तशी अपेक्षा असते. थोडक्यात, बटणाने दिलेल्या हुकमाचा दिव्यापर्यंत पोचता पोचता अर्ज झालेला असतो.

हा अर्ज आमच्या दिवाणखान्यातल्या पाच दिव्यांच्या झुंबराने प्रथम साफ फेटाळला. डिमर जुना, एकूण ४० ते ४०० वॅटचे दिवे सांभाळणारा. आम्ही लावले ६ वॅटचे पाच एलईडी, म्हणजे सगळे मिळून ३० वॅट. डिमरमधल्या ट्रायॅकला, म्हणजे लहर कापणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बटणाला, चालू राहण्यासाठी ठरावीक किमान प्रवाह लागतो. तेवढा प्रवाह मिळाला नाही की ट्रायॅक अर्धलहरीच्या मध्येच वीज सोडून देतो आणि पुढच्या वेळी पुन्हा धरतो. परिणामी आमचे झुंबर संध्याकाळभर तळ्यात-मळ्यात खेळू लागले. वायरमनने वर पाहिले, खाली पाहिले आणि सांगितले, “साहेब, याला लोड कमी पडतोय. एक जुना बल्ब लावा त्यात.”

हा उपाय चालतो, हीच त्यातली शोकांतिका आहे. ४० वॅटचा एक जुना बल्ब बसवताच लुकलुक थांबली आणि वीज वाचवण्यासाठी आणलेले उरलेले चार दिवे मिळून जितकी वीज खात होते त्याहून जास्त वीज तो एकटा खाऊ लागला. शिवाय उजेड उतरवला की तो लाल होई आणि चौघे पांढरेच राहत, कारण साधा एलईडी मंद झाला तरी रंग बदलत नाही. “एक दिवा खराब झालाय वाटतं,” असे प्रत्येक पाहुणा म्हणे, आणि बोट नेमके त्या एकट्या कामसू दिव्याकडे दाखवी.

पुढे आम्ही लहरीचे शेपूट कापणारा, एलईडीला मानवणारा नवा डिमर बसवला. त्याने लुकलुक घालवली, पण दुसरी एक सवय आणली. अगदी मंद ठेवून दिवा घालवला, तर दुसऱ्या दिवशी तो त्या जागी लागतच नसे. आधी बटण वर न्यायचे, दिव्याला जाग आणायची आणि मग हवे तितके खाली उतरवायचे. आई हे विसरे आणि वीज गेली असे जाहीर करी. डिमरमध्ये किमान उजेड ठरवणारा एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून वायरमनने हे दुखणे मिटवले. खोक्यावर लिहिलेल्या ‘१० टक्क्यांपर्यंत मंद’ या वचनाचे मात्र त्याला काही करता आले नाही, कारण मोजून १० टक्के उरलेला उजेड डोळ्याला ३२ टक्क्यांच्या आसपास भासतो. वडिलांना त्या उजेडात झोप येत नाही आणि मला त्यात वाचता येत नाही.

पाचही दिवे एकाच कंपनीचे आणि एकाच खेपेचे असावेत, नाहीतर एक आधी पेटतो आणि दुसरा नंतर, हे ज्ञान झाल्यावर मी त्याच खेपेतले आणखी दोन बल्ब आणून कपाटात जपून ठेवले आणि खोक्यावर ‘हात लावू नये’ असे ठळक अक्षरांत लिहिले. त्यातला एक सध्या न्हाणीघरात पूर्ण तेजाने जळतो आहे. तिथे डिमर नाही.