डेटा जपायचा असतोय भावा

पंचगंगेच्या घाटावरनं पाणी आणलंस, प्लेटवर बॅक्टेरियाच्या कॉलन्या आल्या, डीएनए काढून त्याची अक्षरं वाचायचं, म्हणजे सिक्वेन्सिंगचं, बिल भरलंस, आणि आता कोणतर शहाणा सांगतोय की सगळा डेटा जेनबँकला, म्हणजे अमेरिकेतल्या डीएनए सिक्वेन्सच्या खुल्या डेटाबेसला, टाक? येडा हैस काय! १९८२ पासनं फुकट चाललंय ते, तिथं टाकलेलं रोजच्या रोज युरोप-जपानच्या डेटाबेसलापण जातंय. आता तर फरीदाबादला २०२२ मध्ये आपलंच सरकारी डेटा सेंटर झालंय, म्हणजे 'परदेशात कशाला टाकायचा' एवढी एक सबब होती तीपण गेली.

तर रिसर्च पेपरच्या शेवटी 'योग्य विनंती केल्यास डेटा देण्यात येईल' एवढंच लिहायचं. विनंती योग्य हाय का न्हाई ते ठरवणार आपणच. पहिल्या मेलला उत्तर द्यायचं न्हाई, दुसऱ्याला 'विद्यार्थी पास होऊन गेला, लॅपटॉप त्याच्याकडं हाय' म्हणायचं, आणि लईच मागं लागला तर आकडे द्यायचे पण पीडीएफमध्ये, तेपण स्कॅन करून, जरा तिरकं. बसू दे टाइप करत.

जर्नल अडूनच बसलं तर १६एस जीनचा, म्हणजे बॅक्टेरिया कुठला ते ओळखायच्या जीनचा, तेवढा तुकडा टाकून मोकळं व्हायचं. फॉर्ममध्ये नमुना कुठला, कधीचा ते विचारतात. शिवाजी पुलाखालचा का रंकाळ्याचा, उन्हाळ्यातला का पुरातला, हे खरं लिहिलं तर कोणतर तुलना करंल की! 'मिसिंग' लिहायची सोय हाय तिथं, ती काय उगीच ठेवलीय?

नवी प्रजाती घावली तरी गप बसायचं. नाव मान्य व्हायला दोन वेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनला, म्हणजे जंतू जपणाऱ्या बँकेला, जिवंत बॅक्टेरिया द्यावा लागतोय, म्हणजे उद्या कुणीबी मागवणार. त्यापेक्षा 'बॅसिलस एसपी.', म्हणजे बॅसिलसची कुठलीतर प्रजाती, एवढंच म्हणून स्लँट (बॅक्टेरिया वाढवलेली नळी) आपल्याच फ्रिजात, मार्करनं लेबल, स्पिरिटचा हात लागला की अक्षर गायब. मग तुझं तुलापण सापडत न्हाई, याच्यापेक्षा जास्त सुरक्षा काय पायजे?

कोरोनाचंच बघ, जानेवारी २०२० मध्ये चीनमधनं विषाणूचा जीनोम नेटवर उघडा टाकला आणि मॉडर्नानं दोन दिवसात त्यावरनं लसीचं डिझाइन पक्कं केलं. कष्ट एकाचे आणि लस सगळ्यांना, ह्याला काय अर्थ हाय?

स्वतःला बॅक्टेरियाचा वंशवृक्ष, म्हणजे ट्री, काढायला सिक्वेन्स लागले की मात्र जेनबँकमधनं पोतंभर उतरवायचे, तिथं योग्य विनंती कुणी मागत न्हाई. आणि ओपन सायन्सच्या सेमिनारला बोलायला बोलावलं तर जायचंच, मिसळ असतीय. स्लाइड कुणी मागितल्या तर मेल करा म्हणायचं.