परदेशातून : जीपवाल्यांची हरकत

कॅलिफोर्निया राज्याच्या ऊर्जा आयोगाने गाडीचे मूळ टायर झिजल्यावर बाजारातून घेतल्या जाणाऱ्या बदली टायरांसाठी ‘रोलिंग रेझिस्टन्स’ची, म्हणजे टायर फिरताना होणाऱ्या ऊर्जेच्या नासाडीची, कमाल मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्याला तिखट विरोध करणाऱ्यांमध्ये डोंगरदऱ्यांत, खडकांत, चिखलात गाड्या नेणारे जीपवाले व ट्रकवाले पुढे आले. सॅक्रामेंटोच्या परिसरात राहत असल्यामुळे हा वाद मला जवळून पाहता आला. नागपूरला तो पोहोचला तो मात्र ‘अमेरिकेत मोठ्या टायरांवर बंदी’ अशा एका ओळीच्या संदेशाच्या रूपात. दोन वर्षांपूर्वी थार ही जीप घेतलेल्या माझ्या आतेभावाने फोनवर विचारले, “काहून रे, तुमच्या तिकडं टायरवर बी बंदी आणून राह्यले का?” त्याच्या मागोमाग घरातल्या थोरांचे नेहमीचे दोन पक्ष पडले. तिकडचे लोक पर्यावरणाचे नियम निमूटपणे पाळतात, आपल्याकडेच कोणी ऐकत नाही, असे एकाचे म्हणणे. आणि हे पर्यावरणवाले तिकडेही लोकांना सुखाने जगू देत नाहीत, असे दुसऱ्याचे. मला दोन्ही मते चुकीची वाटतात. तिकडचे लोक निमूटपणे काहीही पाळत नाहीत, आणि बंदीचा मुद्दाही मूळ प्रस्तावात त्या अर्थाने नाही.

टायर फिरताना जमिनीला टेकलेला रबराचा भाग दबतो आणि वर येताना पूर्ववत होतो. या दबण्या-उठण्यात जी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, तिच्यामुळे गाडी ओढायला जास्त इंधन लागते; हाच रोलिंग रेझिस्टन्स. अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाच्या समितीने 2006 मध्ये असा अंदाज दिला होता की हा रेझिस्टन्स 10 टक्क्यांनी कमी झाला, तर गाडीचे ॲव्हरेज 1 ते 2 टक्क्यांनी सुधारते. आकडा किरकोळ वाटतो, पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यातील गाड्यांच्या संख्येने त्याला गुणले की तो किरकोळ राहत नाही. नव्या गाडीवर कंपनी जे टायर चढवून देते ते बहुधा कमी रेझिस्टन्सचे असतात, कारण गाडीचे ॲव्हरेज सरकारी चाचणीत मोजले जाते. ग्राहक नंतर दुकानातून घेतो त्या टायरांच्या बाबतीत ही अट नसते. ही तफावत भरून काढावी, बदली टायर सरासरीने मूळ टायरांइतके तरी कार्यक्षम असावेत, असा कायदा कॅलिफोर्नियाने 2003 मध्येच केला होता. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या नियमाचा प्रस्ताव यायला दोन दशकांहून अधिक काळ गेला, हे दिरंगाईचे श्रेय फक्त आपल्या मंत्रालयांना देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

खडकावर चालवायच्या टायराची गरज याच्या नेमकी उलट असते. त्याच्या नक्षीचे गुटके जाड आणि खोल असतात, बाजूची भिंत अनेक पदरांची असते आणि एकूण वजन भरपूर असते. साहजिकच तो दबतो तेव्हा जास्त ऊर्जा खातो. लेक टाहोजवळच्या रुबिकॉन ट्रेलसारख्या वाटेवर धारदार ग्रॅनाइटवरून माणसाच्या चालीने गाडी न्यायची असते, आणि त्यासाठी टायरातील हवा 15-20 पौंडांपर्यंत उतरवली जाते, म्हणजे रबर मुद्दाम जास्त दबू दिले जाते. तिथे टायराची भिंत फाटली तर गाडी ओढून आणायला मदत पोहोचण्यातच दिवस जातो. उलट रोलिंग रेझिस्टन्सची प्रमाण चाचणी होते ती प्रयोगशाळेत, गुळगुळीत ड्रमवर, कारच्या टायरांसाठी ताशी 80 किलोमीटर वेगाने. या चाचणीत चांगला ठरलेला टायर खडकावर चांगला ठरेल याची काहीच शाश्वती नाही, हा जीपवाल्यांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे.

त्यांचा विरोध ज्या पद्धतीने मांडला गेला, तो भाग मला आतेभावाला अधिक सविस्तर सांगावासा वाटला. त्यांनी घोषणा दिल्या, नाही असे नाही, आणि ‘सरकार आमच्या गाड्या काढून घेणार’ असला आरडाओरडाही पुष्कळ झाला. परंतु त्यांच्यातील जाणत्यांनी 2003 च्या कायद्याचीच कलमे काढून पुढे ठेवली. नियमामुळे टायरांच्या सुरक्षिततेवर विपरीत परिणाम होता कामा नये, टायरांचे सरासरी आयुष्य घटता कामा नये, आणि टाकाऊ टायरांची विल्हेवाट लावण्याच्या राज्याच्या प्रयत्नांत त्यामुळे अडथळा येता कामा नये, अशा अटी त्या कायद्यातच लिहिलेल्या आहेत. त्यातल्या सवलतीही स्पष्ट आहेत : वर्षाला 15,000 पेक्षा कमी संख्येने बनणारे टायर, खोल नक्षीचे बर्फाचे टायर, तात्पुरती स्टेपनी, मोटारसायकलचे टायर, आणि रस्त्याबाहेरच्या मनोरंजक वाहनांसाठी खास बनवलेले टायर यांना तो लागू होत नाही. घोडे अडते ते या शेवटच्या सवलतीत. केवळ वाळूत फिरवायची बग्गी तिच्यात सहज बसते; पण सोमवार ते शुक्रवार कचेरीला जाणारी आणि शनिवारी डोंगरात शिरणारी, रीतसर नंबरप्लेट असलेली जीप कुठे बसवायची, याचे उत्तर सरळ नाही.

इथे माझी आणि जीपवाल्यांची वाट वेगळी होते. आपण खडकावर जातो म्हणून आपले टायर सवलतीस पात्र आहेत, असे म्हणताना आपली गाडी बहुतेक किलोमीटर डांबरी रस्त्यावरच कापते, ही गोष्ट ते गाळून टाकतात. शिवाय ज्यांनी आयुष्यात कधी चिखल पाहिलेला नाही अशा कितीतरी ट्रकांवर हेच टायर केवळ रुबाबासाठी चढवलेले असतात. माझ्या कचेरीच्या पार्किंगमध्ये अशा धुतलेल्या, चकचकीत गाड्यांची रांगच लागलेली असते. मालकाच्या छंदावर सवलत दिली तर प्रत्येक जण छांदिष्ट होईल. सवलत द्यायची ती टायराच्या मोजता येण्याजोग्या गुणांवर, आणि याचा नमुना उपलब्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या टायरविषयक नियमावलीत, म्हणजे रेग्युलेशन 117 मध्ये, ‘व्यावसायिक ऑफ-रोड टायर’ची व्याख्या कारच्या आणि हलक्या वाहनांच्या टायरांसाठी अशी केलेली आहे : नक्षीची खोली किमान 11 मिलिमीटर, नक्षीतील मोकळ्या जागेचे प्रमाण किमान 35 टक्के, आणि वेगाची श्रेणी ताशी 160 किलोमीटरच्या वर नाही. युरोपच्या 2020 च्या टायर-लेबल नियमातून असे टायर वगळलेले आहेत. वेगाच्या अटीमुळे रुबाबवाले आपोआप गळण्याची शक्यता वाढते, आणि खऱ्या खडकवाल्याला तिचा त्रास नाही, कारण त्याला तिथे ताशी 10 किलोमीटरही गाठायचे नसतात.

दुसरा नियम रसायनाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. टायराला हवेतील ओझोनमुळे तडे जाऊ नयेत म्हणून रबरात 6पीपीडी नावाचे द्रव्य घालतात. त्याचा ओझोनशी संयोग होऊन जो क्विनोन नावाचा नवा पदार्थ बनतो, तो झिजलेल्या रबराच्या कणांबरोबर पावसाच्या पाण्यातून ओढ्यांत उतरतो आणि कोहो जातीच्या सॅमन माशांना काही तासांत मारतो, हे वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी डिसेंबर 2020 मध्ये दाखवून दिले. कॅलिफोर्नियाच्या विषारी द्रव्य नियंत्रण विभागाने ऑक्टोबर 2023 पासून 6पीपीडी असलेले टायर ‘प्राधान्य उत्पादन’ म्हणून नोंदवले. याचाही अर्थ बंदी असा लावला गेला. प्रत्यक्षात उत्पादकांनी पर्यायांचा अभ्यास करून तो सादर करावा, एवढाच तूर्त त्याचा अर्थ आहे. वर्षातून मोजकेच फिरणाऱ्या गाडीचा टायर झिजून नव्हे तर तडे जाऊन निकामी होतो, त्यामुळे पर्यायी द्रव्य कच्चे निघाले तर त्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागेल, ही जीपवाल्यांची भीती अनाठायी नाही. मात्र ज्या आदिवासी समाजांनी केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे याबाबत अर्ज केला, त्यांच्यासाठी सॅमन हे अन्न, उपजीविका आणि श्रद्धा असे सर्वच आहे. या दोन गरजा एका तागडीत घालता येतील असे मला वाटत नाही.

आता नागपूर. आतेभावाला मी जेव्हा म्हणालो की टायरच्या रोलिंग रेझिस्टन्सची मर्यादा भारतात केव्हाच लागू झालेली आहे, तेव्हा त्याला ते पटेना. जून 2022 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली, आणि कार, हलकी व्यावसायिक वाहने व ट्रक-बस यांच्या टायरांना रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तीन बाबतींत एआयएस-142 हे मानक बंधनकारक झाले. ते मानक वर सांगितलेल्या रेग्युलेशन 117 च्याच धर्तीवर आहे. ज्या मंत्रालयाने हे केले त्याचे मंत्री नागपूरचेच खासदार आहेत, आणि बुटीबोरीत टायरचा कारखानाही आहे. तरीही सीताबर्डी ते वाडी या पट्ट्यातल्या कोणत्याही टायरच्या दुकानात उभे राहून पाहा. ग्राहक भाव विचारतो, वॉरंटी विचारतो, ‘किती किलोमीटर जाईल’ हे विचारतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने फ्रिजप्रमाणे टायरांसाठीही तारांकनाची योजना ऐच्छिक स्वरूपात आणली. पण ‘किती तारे’ असे विचारणारा माणूस मला तरी सुट्टीतल्या फेऱ्यांत भेटलेला नाही.

आमच्याकडे विरोध झाला नाही याचे कारण लोक शहाणे आहेत किंवा मुर्दाड आहेत असे नाही. नियम कारखान्याशी बोलला, ग्राहकाशी बोललाच नाही. मोटार वाहन कायद्याखालचे नियम पक्के होण्यापूर्वी त्यांचा मसुदा राजपत्रात छापून, बहुधा 30 दिवसांची मुदत देऊन, हरकती आणि सूचना मागवल्या जातात. हा हक्क कॅलिफोर्नियातल्या जीपवाल्याला आहे तसाच थारवाल्यालाही आहे. पण टायरच्या मसुद्यावर कंपन्या आणि त्यांच्या संघटना लिहितात, आणि गाडी चालवणारा माणूस नियम अंगावर आल्यावर, म्हणजे आरटीओच्या समोर, पहिल्यांदा तो वाचतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल गाडीत करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. तरी नागपूरच्या रस्त्यांवर मडगार्डच्या बाहेर आलेले मोठे टायर लावलेल्या गाड्या सर्रास दिसतात. हा विरोध नव्हे, ही टाळाटाळ. आणि टाळाटाळीतून कधीही नियमाची व्याख्या सुधारत नाही.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचेच पाहा. 31 डिसेंबर 2024 रोजी तिथे सफारीच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी घेरल्याची चित्रफीत पसरली, चालक आणि मार्गदर्शकांवर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई योग्यच होती. पण जंगलात गाडी कशी चालवावी याचे सर्वाधिक ज्ञान ज्या चालकांकडे आहे, त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचले ते आरोपीच्या पिंजऱ्यातून. रुबिकॉनच्या जीपवाल्याइतके संघटित होऊन आधीच लेखी म्हणणे मांडण्याची सवय त्यांना कोणी लावलेली नाही.

टायरच्या बाबतीत नागपूरकराने मांडण्यासारखे तर पुष्कळ आहे, आणि ते कॅलिफोर्नियाहून उसने आणण्याची गरज नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो, शहरातले मोठे रस्ते सिमेंटचे आहेत, आणि 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्गही काँक्रीटचाच आहे. त्या तापल्या रस्त्यावर ताशी 120 किलोमीटरने धावणारा गुळगुळीत टायर फुटण्याचा धोका इतका उघड आहे की परिवहन खात्याने महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम घेतली. कायद्याने नक्षी किमान 1.6 मिलिमीटर हवी; पण काँक्रीटवर, या उन्हात, या वेगाला तेवढी पुरेशी आहे का, हा प्रश्न विदर्भातल्या वाहनचालकाने विचारायचा नाही तर कोणी? जुने टायर कुठे जातात, हा दुसरा प्रश्न. टाकाऊ टायरांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम जुलै 2022 मध्ये आले, तरी पंक्चरवाल्याच्या दुकानामागे पावसाचे पाणी साठलेले टायर आणि त्यात डासांच्या अळ्या हे चित्र बदललेले नाही, आणि थंडीत शेकोटीला टायर जाळणेही थांबलेले नाही. कॅलिफोर्नियात मी प्रत्येक नव्या टायरमागे 1.75 डॉलर शुल्क भरतो, ते पावतीवर वेगळ्या ओळीत छापलेले असते, त्यामुळे ते कशासाठी हे विचारता तरी येते.

सिमेंटच्या रस्त्यावर झिजलेल्या रबराचा भुगा पहिल्या पावसात नाल्यांतून नाग नदीत, तिथून कन्हानमध्ये आणि पुढे वैनगंगेतून गोसीखुर्दच्या जलाशयात जातो. आपल्या नद्यांत कोहो सॅमन नाही, आणि हा क्विनोन सर्व माशांना सारखाच मारक नाही; काही जाती तो सहज पचवतात, त्यामुळे तिकडचा नियम जसाच्या तसा उचलणे हा उतावीळपणा ठरेल. मात्र गोसीखुर्दच्या पाण्यात तो किती आहे आणि तिथल्या रोहू-कटल्यावर त्याचा काय परिणाम होतो, हे तपासण्यासाठी सॅक्रामेंटोकडे पाहायला नको. 1958 पासून पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी ही संस्था नागपुरातच आहे, आणि भोई-ढीवर मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना तिच्याकडे तशी लेखी मागणी करता येईल.

आतेभावाला यंदा टायर बदलायचे आहेत आणि त्याचे मन अजून चिखलाच्या टायरांवरच आहे. मी त्याला दुकानदाराकडे एआयएस-142 ची खूण आणि तारे विचारायला सांगितले आहे, आणि ऑफ-रोड टायरची 11 मिलिमीटर व 35 टक्क्यांची व्याख्याही लिहून पाठवली आहे. त्याच्या मित्रमंडळात वकील आहेत. टायरविषयी राजपत्रात पुढचा मसुदा येईल तेव्हा त्या 30 दिवसांत त्यांच्यापैकी कोणी मंत्रालयाला दोन पाने लिहावीत, असे माझे त्याच्याशी बोलणे चालू आहे. तूर्त त्याचे उत्तर ‘पाहू’ एवढेच आहे.