तीन ट्रॅक डे आणि एक चुकीचा हिशेब

पंधरा दिवसांपूर्वी माझ्या भाच्याने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरं आहे का?" तोच मेसेज नंतर मला आणखी चौघांकडून आला. रविवारी सकाळी नाशिकच्या त्र्यंबक रोडला गाड्या घेऊन जमणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांच्या फोनमध्ये तो आहे. मेसेज लांबलचक आहे, पण म्हणणं पाच गोष्टींचं. कंपन्यांची रायडिंग-ड्रायव्हिंग स्कूलं म्हणजे शोरूमची जाहिरात. दुसऱ्याच्या गाडीवर शिकून उपयोग नाही. स्वतंत्र ट्रॅक डे, म्हणजे फी भरून शर्यतीच्या ट्रॅकवर दिवसभर आपली गाडी चालवणं, त्यापेक्षा स्वस्त पडतो. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, त्यामुळे धोका नाही, आणि पडलंच तर इन्शुरन्स आहे. शेवटी, तीन ट्रॅक डे केले की कसारा घाट डाव्या हातचा मळ.

भाच्याने नुकतीच चारशे सीसीच्या आसपासची मोटारसायकल घेतली आहे. साठवलेले पैसे कुठे घालायचे हे तो या मेसेजवरून ठरवणार होता. म्हणून मी सविस्तर लिहितोय. मी दोन्ही केलेलं आहे, आणि तेही उलट्या क्रमाने: आधी ट्रॅक डे, मग कंपनीचं स्कूल. त्या क्रमाची किंमत मी मोजली आहे.

पहिला मुद्दा जाहिरातीचा. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कंपनीला गाडी विकायची असते. जेवणाच्या सुट्टीत नवं मॉडेल समोर उभं असतं, टेस्ट राइडचा फॉर्म हातात येतो. काही कार्यक्रमांत तर प्रशिक्षकाच्या मागे रांगेत दोन-तीन फेऱ्या आणि एक फोटो, एवढंच मिळतं. त्याला शाळा म्हणू नये आणि त्यासाठी पैसे देऊ नयेत. पण सगळ्यांनाच त्यात मोजणं चूक आहे. बीएमडब्ल्यूने जर्मनीत चालकांचं प्रशिक्षण १९७७ साली सुरू केलं. कंपनीने चालवायला शिकवणं ही कालपरवाची टूम नव्हे.

खरा प्रश्न वेगळाच आहे: दिवसभरात तुमच्याकडे कोण बघतं? मी पहिल्यांदा ट्रॅकवर उतरलो तो कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर. ट्रॅक साधारण दोन किलोमीटरचा. सकाळी वीस मिनिटं सूचना झाल्या: पिवळा झेंडा म्हणजे काय, लाल म्हणजे काय, ओव्हरटेक कुठे करायचं नाही. मग वेगानुसार गट पाडले आणि पंधरा-पंधरा मिनिटांसाठी सोडलं. संध्याकाळपर्यंत चाळीसेक फेऱ्या झाल्या असतील. आयोजकांनी जे कबूल केलं होतं ते चोख दिलं: मोकळा ट्रॅक, मार्शल, रुग्णवाहिका. मला शिकवणं त्यांच्या कबुलीत नव्हतंच. मार्शल झेंडा दाखवतो, तुमच्या चुका मोजत बसत नाही.

पुढच्या वर्षी एका दुचाकी कंपनीच्या स्कूलला गेलो. तिथे ट्रॅकवर सोडण्याआधी कोन लावून नुसतं ब्रेकिंग करून घेतलं. तिसऱ्या वेळी प्रशिक्षक जवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही ब्रेक धरता ठीक, पण सोडता कसा ते बघा." मी लिव्हर एकदम सोडत होतो. ब्रेक लागलेला असताना पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा स्प्रिंगवाला दांडा, दबलेला असतो, वजन पुढच्या टायरवर असतं. लिव्हर झटक्यात सोडला की फोर्क वर उसळतो, टायरवरचं वजन कमी होतं, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण गाडी वळवायला घेतो. म्हणजे पकड सर्वांत जास्त हवी तेव्हाच ती आपण आपल्या हाताने घालवतो. कोइंबतूरला चाळीस फेऱ्यांत मी हेच केलं होतं. चाळीस वेळा केल्यामुळे ते अंगवळणी पडलं होतं, आणि नीट व्हायला चाळीसपेक्षा कितीतरी जास्त वेळा लागलं. ही चूक माझी मला कधीच दिसली नसती. हेल्मेटच्या आतून ती दिसत नाही.

मेसेजमध्ये इथे आणखी एक गल्लत आहे. 'स्वतंत्र' आणि 'ट्रॅक डे' हे शब्द एकच असल्यासारखे वापरलेत. कुठल्याही कंपनीची नसलेली शाळाही असते. अमेरिकी रायडिंग प्रशिक्षक कीथ कोड यांनी १९८० साली सुरू केलेलं कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल हे त्याचं जुनं उदाहरण, आणि त्याचे वर्ग आपल्याकडे चेन्नईच्या ट्रॅकवरही झाले आहेत. काही ट्रॅक डेवाले ठरावीक रायडरांमागे एक प्रशिक्षक देतात, तेही उत्तम. म्हणून फलकावर कंपनीचं नाव आहे की नाही यावरून ठरवू नका. आधी वेळापत्रक मागवा, आणि त्यात सराव किती वेळ आहे, चूक सांगायला किती वेळ ठेवला आहे, ते वाचा.

दुसरा मुद्दा, आपल्याच गाडीवर शिकण्याचा. हे मला अर्धं पटतं. शेवटी रोज चालवायची ती आपलीच गाडी, तिचा क्लच, तिचे टायर, तिचं वजन. पण पहिल्याच दिवशी हप्ते चालू असलेली गाडी ट्रॅकवर नेली की निम्मं लक्ष तिला ओरखडा न पडण्याकडे लागतं. शिवाय ती तयार करावी लागते. आरसे काढायचे किंवा चिकटपट्टीने झाकायचे, दिव्यांच्या काचांवर पट्टी लावायची. बऱ्याच ठिकाणी ग्लायकॉलवालं कूलंट काढून साधं पाणी भरायला सांगतात, कारण ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर मागून येणारा घसरतो.

आणि ब्रेक ऑइल. याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडे ते वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ते हवेतलं पाणी शोषत राहतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. सातपूर ते नाशिक रोड जाताना हा फरक कधी कळत नाही. ट्रॅकवर प्रत्येक सरळ पट्ट्याच्या शेवटी जोरात ब्रेक लागतो, ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात, आणि लिव्हर दाबला की नुसता बुडबुडा दबतो. माझ्या तिसऱ्या सत्रात लिव्हर हँडलला टेकला. सरळ पुढे मोकळी जागा होती म्हणून वाचलो. गाडीतलं ऑइल दोन वर्षं जुनं होतं आणि चूक सर्वस्वी माझी होती. मी गेलो त्या स्कूलमध्ये मेकॅनिक प्रत्येक सत्रानंतर गाड्या तपासत होते, तेव्हा ही गोष्ट माझ्या ध्यानात आली.

कंपनीच्या गाडीची एक खोट मात्र आहे, तीही सांगतो. मागचं चाक जागच्या जागी फिरून घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, वळणात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारं एबीएस असलं सगळं तिच्यावर असतं आणि ते तुमच्या चुका झाकतं. घरची गाडी साधी असेल तर प्रशिक्षकाला तसं आधीच सांगा.

स्वस्ताईचा मुद्दा नाशिकमध्ये बसून तर टिकतच नाही. मेसेजने फक्त प्रवेश फीची तुलना केली आहे. करी कोइंबतूरला, मद्रासचा ट्रॅक श्रीपेरुंबुदूरजवळ, बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडाला. तिन्ही इथून हजार किलोमीटरच्या पलीकडे. गाडी टेम्पोत टाकून न्यायची आणि आणायची, दोन रात्री राहायचं, एका दिवसात घासलेले टायर आणि ब्रेक पॅड बदलायचे. जिथे गाडी आणि पेट्रोल कंपनीचं असतं तिथे आपण रेल्वेचं तिकीट काढून हेल्मेट घेऊन जातो. आणि ज्यांच्याकडे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी आहे त्यांना एवढं लांब जायचं कारणच काय? महिंद्राने ऑफ-रोड ड्रायव्हिंग शिकवायला अकादमी उभी केली ती आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीला. चिखलाच्या उतारावर लो रेंजच्या (कमी वेग, जास्त जोर) पहिल्या गिअरमध्ये, क्लचवरून पाय काढून, इंजिनाच्या जोरावर गाडी हळूहळू उतरवणं हे कुठल्याही डांबरी ट्रॅकवर शिकता येत नाही.

आता इन्शुरन्स. या मुद्द्याचा मला राग आला. मेसेजमध्ये ओळ अशी आहे: "पडलात तर क्लेम करा, घाटात पडलो म्हणून सांगा." ही फसवणूक आहे, आणि आपल्या पोरांना ती सल्ला म्हणून दिली जाते आहे. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा एक भाग असतो. संघटित शर्यत, पेस-मेकिंग (पुढे राहून इतरांना वेग ठरवून देणं), वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) या वापराला संरक्षण नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे असा युक्तिवाद करता येईल, पण मोडलेली गाडी घेऊन तो युक्तिवाद करायची वेळ आपल्यावर का आणावी? जाण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. वॉरंटीचंही तेच: शर्यतीतल्या वापराने झालेला बिघाड बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. स्कूलमध्येसुद्धा सही करण्याआधी, त्यांची गाडी पाडली तर आपल्याला किती भरावे लागतील, ते विचारून घ्या.

ट्रॅकवर वेगाने जाणं रस्त्यावरच्या तशाच वेगापेक्षा सुरक्षित आहे, हे मात्र खरं. भोवती मोकळी जागा असते, खांब नसतो, झाड नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्याला वेग हवाच आहे त्याने ट्रॅकवरच जावं.

पण मग कसारा घाटाची ती ओळ येते, आणि सगळ्या मेसेजमध्ये मला तीच सर्वांत जास्त भीती घालते. ट्रॅकवर एकच वळण दिवसात चाळीस वेळा येतं, दर वेळी तसंच. जुलैत इगतपुरीच्या धुक्यात तेच वळण दुसऱ्यांदा तसं भेटत नाही. ट्रकचं डिझेल सांडलेलं असतं, वरून माती वाहून आलेली असते. द्राक्षाच्या दिवसांत दिंडोरीच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पडलेला असतो.

ट्रॅकवरची रेषा तर रस्त्यावर सरळसरळ घातक ठरते. तिथे बाहेरून आत आणि आतून बाहेर, अशी सगळी रुंदी वापरायला शिकवतात. सापुताऱ्याच्या दुहेरी रस्त्यावर उजव्या वळणात तसं आत झुकलात तर गाडीची चाकं आपल्या बाजूला राहतात आणि डोकं मधल्या पट्ट्याच्या पलीकडे, समोरून येणाऱ्या बसच्या वाटेत जातं. वेगाचंही तसंच. ताशी ६० ऐवजी ९० ने गेलात तर थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते, आणि ब्रेकवर बोट जाईपर्यंतच्या एका सेकंदात १७ मीटरऐवजी २५ मीटर निघून जातात. ट्रॅकवरून घाटात आणायच्या गोष्टी तीनच: नजर लांब ठेवणं, ब्रेक हळू सोडणं आणि घाबरल्यावर हात घट्ट न आवळणं. या तिन्ही गोष्टी मी स्कूलमध्ये शिकलो, आणि नंतरच्या ट्रॅक डेंमध्ये घोटल्या.

तेव्हा ट्रॅक डेला माझा विरोध नाही, मी अजूनही जातो. काय सुधारायचं ते ज्याला ठाऊक आहे, त्याला ते घोटून घ्यायला ट्रॅक डेसारखी जागा नाही. त्याआधी एक दिवस तरी चूक सांगणाऱ्या माणसासमोर घालवा, मग तो कंपनीचा असो की कुणाचाही.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. संध्याकाळी त्याने आपल्या पॉलिसीतल्या वापराच्या मर्यादांच्या पानाचा फोटो पाठवला, दोन ओळी अधोरेखित करून. टेम्पोवाल्याला दिलेला शब्द त्याने मागे घेतला आहे. आता तीन ठिकाणी फोन करून तो दोनच प्रश्न विचारतोय: दिवसभर माझ्याकडे बघणारा माणूस कोण, आणि तो एका वेळी किती जणांकडे बघणार आहे?