टेस्टनेटची की वेगळी असते, हे कोणी सांगितलं?

‘ब्लॉकचेन प्रोजेक्टचा नेटवर्क सेटअप : 5 नियम’ अशी एक पोस्ट सध्या इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरते आहे. माझा मावसभाऊ सांगलीला शेवटच्या वर्षाला आहे. त्याने ती जशीच्या तशी प्रोजेक्टला लावली आणि मग मला विचारलं, ‘दादा, बरोबर आहे ना?’

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं : सगळी नेटवर्क एकाच कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा. चेन आयडी (प्रत्येक नेटवर्कचा ठरलेला क्रमांक) लिहू नका, हार्डहॅट, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट (चेनवर चालणारा प्रोग्राम) तपासायचं आणि नेटवर्कवर चढवायचं टूल, तो आपोआप ओळखतं. टेस्टनेटची (सरावाच्या, खोट्या पैशांच्या नेटवर्कची) प्रायव्हेट की, म्हणजे खात्याची गुप्त किल्ली, सरळ फाइलमध्ये टाका, रेपो (कोड ठेवायची ऑनलाइन जागा) प्रायव्हेट असला की झालं. पत्ता सगळ्या चेनवर तोच असतो, फक्त यूआरएल बदला. फुकटचा पब्लिक आरपीसी (नेटवर्कशी जोडणारा सर्व्हर, यूआरएल त्याचीच) पुरतो. आणि शेवटी, ‘हे सेव्ह करून ठेवा, डॉक्युमेंटेशन वाचायची गरज पडणार नाही.’

तिसऱ्या नियमापासून सुरुवात करतो, कारण पैसे तिथून जातात.

‘टेस्टनेटची की’ अशी काही वस्तूच नसते. प्रायव्हेट की म्हणजे एक आकडा. त्यातून निघणारा पत्ता सेपोलिया या टेस्टनेटवर जो, तोच इथेरियम मेननेटवर (खऱ्या पैशांच्या मुख्य नेटवर्कवर), तोच पॉलिगॉन या दुसऱ्या चेनवर. आज त्या वॉलेटमध्ये फॉसेटचे (सरावाला फुकट वाटणाऱ्या साइटचे) खोटे ईथर, म्हणजे इथेरियमचं चलन, आहेत. उद्या कोणी त्याच पत्त्यावर खरे पाठवले की फाइल वाचलेल्या प्रत्येकाच्या हातात ते आले. पोरांचं मेटामास्क या वॉलेट अ‍ॅपचं खातंही बहुधा एकच असतं आणि की तिथूनच उचललेली असते.

आता ‘प्रायव्हेट रेपो’. शेवटच्या वर्षाची पोरं रेपो किती दिवस प्रायव्हेट ठेवतात? प्लेसमेंट जवळ आली की रेझ्युमेत लिंक द्यायला तो पब्लिक होतो, आणि फाइलबरोबर सगळी कमिट हिस्ट्रीही (आधी सेव्ह केलेली प्रत्येक आवृत्ती) उघडी पडते. ‘की नंतर काढून टाकली’ म्हणून भागत नाही. जुन्या कमिटमध्ये ती तशीच बसलेली असते. फाइल एकदा कमिट झाल्यावर गिटइग्नोरमध्ये (वगळायच्या फाइलींच्या यादीत) नाव टाकूनही काही होत नाही, गिट (आवृत्त्या सांभाळणारं टूल) तिच्यावर नजर ठेवतंच. एकदा पुश झालेली की मेली असं समजायचं, नवं खातं काढायचं, संपलं.

पोस्टच्या नमुन्यात तर कमाल आहे. ‘सोपं जावं म्हणून’ हार्डहॅटची डिफॉल्ट खातीच मेननेटच्या सेटिंगमध्ये दिली आहेत! ही 20 खाती ज्या सीड फ्रेजमधून (किल्ल्या तयार करणाऱ्या शब्दांच्या ओळीतून) येतात ती म्हणजे अकरा वेळा ‘टेस्ट’ आणि शेवटी ‘जंक’. जगात हार्डहॅट वापरणाऱ्या प्रत्येकाकडे त्याच किल्ल्या आहेत. लोकल नोड (आपल्याच कॉम्प्युटरवरचं सरावाचं नेटवर्क) सुरू केला की प्रत्येक खात्यात 10,000 खोटे ईथर दिसतात, आणि त्याच स्क्रीनवर हार्डहॅट स्वतः इशारा छापतं की या किल्ल्या सर्वांना माहीत आहेत, खऱ्या नेटवर्कवर इथे पाठवलेले पैसे गेले म्हणून समजा. पोस्ट लिहिणाऱ्याने नोड एकदा तरी चालवला असता तर हे वाचलं असतं.

की ठेवायची सोय याच टूलमध्ये आहे. हार्डहॅट 2 च्या नंतरच्या आवृत्त्यांत ‘व्हार्स सेट’ ही कमांड आहे, ती की प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर ठेवतं. हार्डहॅट 3 मध्ये पासवर्ड लावलेला कीस्टोअर आहे.

पत्ता सगळीकडे तोच, या चौथ्या नियमाचं अर्धं खरं आहे, ते देऊन टाकतो. साध्या खात्याचा पत्ता तोच राहतो, हे वर मीच लिहिलं. पण कॉन्ट्रॅक्टचं तसं नाही. 2022 मध्ये ऑप्टिमिझम या इथेरियमवर आधारलेल्या चेनच्या फाउंडेशनने विंटरम्यूट या मार्केट मेकरला (सतत खरेदी-विक्री करून बाजार चालता ठेवणाऱ्या कंपनीला) त्या चेनचे 2 कोटी ओपी टोकन पाठवले. विंटरम्यूटने दिलेला पत्ता त्यांच्या मल्टिसिग (अनेकांच्या सह्यांनी चालणाऱ्या) वॉलेटचा होता, आणि असं वॉलेट हे कॉन्ट्रॅक्टच असतं. इथेरियमवर ते डिप्लॉय झालेलं (चेनवर चढवलेलं) होतं, ऑप्टिमिझमवर त्या पत्त्यावर काहीच नव्हतं. गंमत म्हणजे आधी चाचणीचे दोन व्यवहार झाले, ‘मिळाले’ म्हणून होकारही आला. चूक लक्षात येऊन वॉलेट ताब्यात घेण्याची धडपड चालू होती, तेवढ्यात तिसऱ्याच माणसाने इथेरियमवरचा वॉलेट-फॅक्टरी (नवी वॉलेटं काढून देणारं कॉन्ट्रॅक्ट) डिप्लॉय करणारा जुना व्यवहार ऑप्टिमिझमवर जसाच्या तसा पुन्हा चालवला. मग त्या फॅक्टरीतून तो पत्ता येईपर्यंत वॉलेटं काढत राहिला आणि मालक होऊन बसला. पुढे त्याने 1 कोटी 70 लाख परत केले, ही त्याची मर्जी.

तो जुना व्यवहार दुसऱ्या चेनवर चालला कसा? त्याच्या सहीत चेन आयडी नव्हता. म्हणजे दुसऱ्या नियमाचं उत्तरही इथेच आलं. सहीत चेन आयडी घालायची सोय नोव्हेंबर 2016 मध्ये ईआयपी-155 या इथेरियमच्या सुधारणेने आली, कारण त्याच वर्षी इथेरियम आणि इथेरियम क्लासिक फुटले आणि एकीकडचा व्यवहार दुसरीकडे चालू लागला. टूल नोडला (यूआरएलमागच्या सर्व्हरला) विचारून आयडी घेतं, हे खरं. पण नोड चुकीचा असेल तर आयडीही त्या चुकीच्या नोडचाच येणार ना! सेपोलियाच्या नावाखाली मेननेटची यूआरएल पेस्ट झाली आणि फाइलमध्ये 11155111 (सेपोलियाचा आयडी) लिहिलेलं असलं, तर हार्डहॅट 2 ‘एचएच101’ ही एरर देऊन तिथेच थांबतं. लिहिलेलं नसलं आणि खात्यात खरे ईथर असले, तर कॉन्ट्रॅक्ट मुकाट्याने मेननेटवर जातं, खरा गॅस (व्यवहाराचं शुल्क) जाळून. एक ओळ लिहायचा एवढा कंटाळा?

सगळी नेटवर्क एका फाइलमध्ये ठेवायला माझी ना नाही. फक्त यादी ताजी हवी. पोस्टच्या नमुन्यात पॉलिगॉनचं ‘मुंबई’ टेस्टनेट आहे, आयडी 80001. नाव पाहून आपल्या पोरांना जवळचं वाटत असेल, पण ते 2024 मध्ये बंद झालं. आता अमोय, 80002. पोस्ट कधीची असेल याचा अंदाज यावरून करा.

पब्लिक आरपीसी शिकायला चालतो. एकाच लॅबमधून साठ पोरं टेस्ट चालवू लागली की रिक्वेस्टवर मर्यादा येते आणि मग ‘कॉन्ट्रॅक्ट बिघडलं’ म्हणून फोन येतात.

डॉक्युमेंटेशनचं म्हणाल तर हार्डहॅटचं कॉन्फिगरेशनचं पान एकच आहे, अर्ध्या तासात वाचून होतं. मावसभावाला तीच लिंक पाठवली आहे, आणि नवं खातं काढायला सांगितलं आहे, कारण त्याची की पुश होऊन गेली आहे.