‘पंधरा दिवस थांबा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. वर हात जोडलेले दोन इमोजी, मग ‘बायपास करण्याआधी हे वाचा’, आणि शेवटी ‘एकाचा जीव वाचला तरी पुण्य’. मजकूर थोडक्यात असा: हृदयाच्या नळ्यांतलं ब्लॉकेज म्हणजे साचलेली घाण. लिंबू, आलं, लसूण आणि सफरचंदाचं व्हिनेगर यांचा रस आटवून महिनाभर मधातून घेतला की ती विरघळते, नव्वद टक्क्यांचं शून्य होतं. ते जमत नसेल तर पिंपळाच्या पंधरा पानांचा काढा पंधरा दिवस घ्या. परदेशातल्या संशोधनाने बायपास निरुपयोगी ठरवलीच आहे. लहान मुलांच्या हृदयातलं भोक वयाबरोबर आपोआप बुजतं. ऑपरेशन म्हणजे हृदय बाहेर काढून बंद पाडणं, आणि एवढं करून माणूस जगतो दहाच वर्षं. सगळा डॉक्टरांचा धंदा.

मला तो माझ्या थोरल्या मामांनी पाठवला. मामांची स्वतःची बायपास 2011 साली झाली आहे. “मग तुम्ही का केलीत?” असं विचारलं तर म्हणाले, “अगं, तेव्हा हा मेसेज कुठे आला होता!”

मी हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरमध्ये हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारा पंप, चालवते. या कामाला पर्फ्युजनिस्ट म्हणतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ‘धंद्या’तला माझा वाटा पगारापुरता आहे. मामांना फोनवर तुकड्यातुकड्याने जे सांगितलं, ते इथे सलग लिहिते.

“ब्लॉकेज म्हणजे नळीत साचलेली घाण, ती रसाने विरघळते.”

ही कल्पना बाथरूममधून आलेली आहे. शॉवरच्या भोकांत क्षार साचतात, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो आणि व्हिनेगर टाकलं की तो सुटतो, हे खरं आहे. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर आतल्या अस्तरावर बसलेला नसतो. तो अस्तराच्या खाली, भिंतीच्या जाडीत असतो. पुरणपोळी डोळ्यांसमोर आणा. पुरण पोळीवर थापलेलं नसतं, दोन पापुद्र्यांच्या मध्ये असतं. वरून काहीही ओतलंत तरी ते धुऊन निघणार नाही. आणि हार्ट अटॅक बहुतेक वेळा येतो तो वरचा पापुद्रा फाटल्यावर. आतला मालमसाला रक्ताला लागतो, तिथे गुठळी धरते आणि नळी काही मिनिटांत बंद होते. म्हणूनच चाळीस टक्के ब्लॉकेजवालाही अटॅकने जाऊ शकतो आणि ऐंशी टक्केवाला वर्षानुवर्षं जिने चढत राहतो.

दुसरं असं की, व्हिनेगर तिथपर्यंत व्हिनेगर म्हणून पोचतच नाही. जठरातलं आम्ल त्याच्याहून तीव्र असतं. ते आम्ल आपण जन्मभर पोटात बाळगतो आणि त्याने कुणाच्या नळ्या साफ झालेल्या नाहीत. रक्ताचा सामू (पीएच) 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात राहतो. पंपावर असलेल्या पेशंटचा तो मी पुन्हा पुन्हा तपासते, कारण जरा घसरला की हृदय रुसतं. लिंबाच्या रसाने तो हलला असता तर लोणच्याच्या हंगामात आयसीयू भरून गेले असते.

मग थर कमी होतच नाही का? होतो, पण किती ते बघा. अमेरिकी डॉक्टर डीन ऑर्निश यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी वर्षभर जवळजवळ तेलाविना शाकाहार घेतला, तंबाखू सोडली, व्यायाम केला, ध्यान-योग केला. इतकं कडक पथ्य मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कुणी आठवडाभरही पाळणार नाही. त्यांचं सरासरी ब्लॉकेज 40 टक्क्यांवरून 37.8 वर आलं. प्रयोग लहान होता, पन्नासहून कमी माणसांचा, तरी त्याला मान आहे. पथ्य न पाळणाऱ्यांचं ब्लॉकेज त्याच वर्षात वाढलं होतं. पण एका वर्षाच्या तपश्चर्येला दोन टक्के मिळाले. मेसेज नव्वदचं शून्य करतो, तेही महिनाभरात.

“पिंपळाची पंधरा पानं, पंधरा दिवस.”

पुरावा म्हणून सांगतात की पान हृदयाच्या आकाराचं आहे. मी उघडं हृदय रोज बघते. पिंपळाचं पान ज्याच्यासारखं दिसतं तो पत्त्यांतला बदाम. खरं हृदय मुठीएवढं, एका अंगाला कललेलं आणि वर पिवळ्या चरबीचे पट्टे असलेलं असतं.

काढ्याने बरं वाटलं असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. छातीतलं दुखणं मुळातच कमीजास्त होतं, आणि रिपोर्ट बघून घाबरलेला माणूस नकळत जिना टाळतो, चाल मंदावतो. काढा निरुपद्रवी असेलही. उपद्रव होतो तो त्याच्या शेजारी: ‘आता नैसर्गिक उपचार चालू आहेत’ म्हणून गोळ्या बंद होतात. नुकताच स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने सोडल्या तर त्या स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. मग तो पंधरा दिवस पुरे व्हायच्या आधीच परत येतो, स्ट्रेचरवरून.

“परदेशी संशोधनाने बायपास निरुपयोगी ठरवली.”

इथे मला थोडी माघार घ्यावी लागते. मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी खरी बातमी वाचलेली दिसते. ‘इस्केमिया’ नावाची मोठी चाचणी 37 देशांत झाली, त्यात भारतही होता. 5,179 रुग्ण होते. ज्यांचा आजार स्थिर आहे त्यांना लगेच स्टेंट किंवा बायपास करणं आणि आधी गोळ्यांवर ठेवणं, या दोन रस्त्यांत मृत्यू आणि अटॅकच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही. 2020 साली हे प्रसिद्ध झालं. स्थिर दुखणं असलेल्या माणसाला ‘आजच्या आज करा, नाहीतर आमची जबाबदारी नाही’ असं कुणी दरडावत असेल, तर दुसरं मत घ्यायला हा भक्कम आधार आहे. आमच्या क्षेत्रात तसं दरडावणारे आहेत, हेही मी नाकारणार नाही.

पण त्या चाचणीत कोण नव्हतं? डाव्या मुख्य धमनीत मोठं ब्लॉकेज असलेले नव्हते, नुकताच अटॅक आलेले नव्हते, ज्यांचं हृदय फारच अशक्त झालं होतं ते नव्हते, आणि छातीतलं दुखणं गोळ्यांनी आवरत नाही असेही नव्हते. शिवाय ‘आधी गोळ्या’ म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन, ॲस्पिरिन, रक्तदाबाची औषधं, सगळं काटेकोर. लसूण नव्हे. त्या गटातल्या साधारण पाचातल्या एकाला पुढे स्टेंट किंवा बायपास करावी लागलीच.

जे बाहेर ठेवले होते त्यांच्यावर वेगळ्या चाचण्या आहेत. हृदयाची पंपिंग क्षमता 35 टक्के किंवा त्याखाली गेलेल्या 1,212 रुग्णांच्या ‘स्टिच’ चाचणीत दहा वर्षांत फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी 66.1 टक्के दगावले, बायपास केलेल्यांपैकी 58.9. मधुमेह आणि एकाहून जास्त नळ्यांत आजार असलेल्या 1,900 जणांच्या ‘फ्रीडम’ चाचणीत पाच वर्षांतले मृत्यू स्टेंटच्या गटात 16.3 टक्के होते, बायपासच्या गटात 10.9. आपल्याकडे घरटी एक मधुमेही सापडतो, तेव्हा हा शेवटचा आकडा फॉरवर्ड व्हायला हवा होता. होत नाही, कारण त्यात रेसिपी नाही.

“लहान मुलांच्या हृदयातलं भोक आपोआप बुजतं, पाच वर्षं थांबा.”

मामांना मी सगळ्यात जास्त वेळ या वाक्यावर धरून ठेवलं.

काही भोकं बुजतात, हे खरंच आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मांसल भागातलं बारीकसं भोक पहिल्या काही वर्षांत बहुधा बंद होतं. वरच्या कप्प्यांमधलं तीन-चार मिलिमीटरचं भोकही बऱ्याचदा जातं. अशा बाळांना बालहृदयतज्ज्ञ स्वतःच सांगतात की काही करू नका, सहा महिन्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करू. म्हणजे थांबणं हाही उपचारच असतो, फक्त तो इको बघून ठरवलेला असतो.

खालच्या कप्प्यांमधलं भोक मोठं असेल तर चित्र पालटतं. डाव्या बाजूच्या जोरदार दाबाचं रक्त भोकातून उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत घुसतं. बाळ दूध पिताना दमतं, कपाळावर घाम फुटतो, वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया होतो. या मुलांची शस्त्रक्रिया साधारण पहिल्या वर्षाच्या आत व्हावी लागते. तशीच ठेवली तर फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या त्या दाबाने जाड आणि कडक होत जातात. आणि मग असं काही घडतं की आईबापांना नवस फळल्यासारखं वाटावं: मूल सुधारतं. फुप्फुसात रक्त कमी घुसू लागल्यामुळे धाप कमी होते, घाम थांबतो, वजनही धरतं. छातीतला आवाजसुद्धा मंदावतो. घरात पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात दार बंद होत आलेलं असतं. पुढे उजवीकडचा दाब डावीकडच्या बरोबरीला येतो, रक्त उलटं वाहू लागतं, ओठ आणि नखं निळी पडतात. आता भोक बुजवता येत नाही, कारण उजव्या कप्प्याला आपला दाब हलका करायला तेवढी एकच वाट उरलेली असते. ती बंद केली तर तो कप्पाच बसतो.

अशी मुलं आमच्या टेबलापर्यंत येतच नाहीत. ओपीडीतूनच परत जातात. अशा एका वडिलांनी फाइल पुढे करत “पाच वर्षं पुरी झाली, आता करा” असं सांगितलेलं मी उभं राहून ऐकलं आहे.

आणि काही दोषांत तर पाच आठवडेही मिळत नाहीत. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली असेल तर त्या जागेवर आणण्याची शस्त्रक्रिया बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते. डावा कप्पा हलक्या दाबावर काम करून आपली ताकद गमावत असतो, उशीर झाला तर तो शरीराचा भार पेलत नाही. निळं पडणारं, खेळता खेळता मध्येच उकिडवं बसणारं मूल बहुधा चार दोष एकत्र असलेलं असतं. त्यातला एकही काढ्याने जात नाही. उलट, वरच्या कप्प्यांमधली बरीच भोकं आज छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नेलेल्या छत्रीसारख्या उपकरणाने बंद होतात. त्यातही भोक पडद्याच्या मध्यभागी आणि त्याला नीट काठ असावे लागतात. कडेची भोकं सर्जनकडेच जातात.

“हृदय बाहेर काढून बंद पाडतात.”

हे माझं खातं. हृदय छातीतच असतं. काढतात ते फक्त प्रत्यारोपणात. बंद पाडतो, हे खरं: पोटॅशियमचं थंड द्रावण दिलं की ते शिथिल होऊन थांबतं, आणि तोवर शरीराचं रक्त माझ्या मशीनमधून फिरतं. काम झालं की महाधमनीवर लावलेला चिमटा (क्लॅम्प) काढतात, त्यातून स्वतःचं रक्त वाहू लागतं आणि ते बहुधा आपणहून धडधडतं. बायपासच्या बाबतीत तर आपल्याकडे बऱ्याच शस्त्रक्रिया चालत्या हृदयावरच होतात, मी नुसती शेजारी तयारीत बसलेली असते.

हे मशीन माणसावर पहिल्यांदा यशस्वी झालं ते 6 मे 1953 रोजी, अमेरिकी सर्जन जॉन गिबन यांच्या हातून, वरच्या कप्प्यांमधलं भोक बुजवताना. त्यांचे पुढचे पेशंट दगावले आणि त्यांनी नाद सोडला. 1954 साली अमेरिकेतल्याच मिनेसोटात सर्जन वॉल्टन लिलेहाय यांनी मग मशीनच्या जागी माणूस बसवला. बाळाच्या शेजारच्या टेबलावर बाप किंवा आई, आणि बाळाचं रक्त त्यांच्या शरीरातून फिरवायचं. अशा 45 शस्त्रक्रिया झाल्या, 28 मुलं घरी गेली. त्या काळात तो आकडा थक्क करणारा होता. माझ्या खुर्चीवर आधी कुणाचे तरी आईबाप झोपलेले होते, हे मशीन सुरू करताना मला कधी कधी आठवतं.

“सगळा पैशाचा खेळ.”

लूट होते, आणि ती रोखायला सरकारला कायद्याने किंमत बांधावी लागली. फेब्रुवारी 2017 मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरली. त्याआधी तोच स्टेंट लाखाच्या घरात लावला जाई. पण यावर उतारा काढा हा नाही. बायपास आणि मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांत मुलं तपासतात. त्यांनी चिठ्ठी दिली असेल तर ती फ्रिजवर चिकटवून न ठेवता जिल्हा रुग्णालयात न्यायची असते.

“बायपासनंतर दहाच वर्षं.”

हा आकडा माणसाचा नाही, पायातून काढलेल्या शिरेचा आहे. बायपासमध्ये ब्लॉकेजला वळसा घालून जो रक्तवाहिनीचा तुकडा जोडतात त्याला ग्राफ्ट म्हणतात. शिरेचे साधारण निम्मे ग्राफ्ट दहा वर्षांत बंद होतात. छातीच्या आतून येणारी धमनी, जिला थिएटरमध्ये सगळे ‘लिमा’ म्हणतात, ती हृदयाच्या पुढच्या मुख्य नळीला (एलएडी) जोडली तर दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांत चालू असते.

मामांचं डिस्चार्ज कार्ड मी शोधायला लावलं. त्यावर लिहिलं होतं: लिमा एलएडीला, शिरेचे ग्राफ्ट दोन. मामा सकाळी ॲस्पिरिन घेतात, रात्री स्टॅटिन, आणि संध्याकाळी पाऊण तास चालतात. काढा घेता का, म्हणून विचारलं. “छे गं,” म्हणाले, “पारापर्यंत जाऊन पानं कोण तोडणार!”