खुलासा : धनंजयराव गाडगीळ केंद्रीय मंत्री नव्हते

'गाडगीळ फॉर्म्युला देणारे अर्थतज्ज्ञ नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते, पुढे पंजाबचे राज्यपाल झाले' असा मेसेज सध्या फिरतो आहे. यात दोन माणसं एक झाली आहेत. (गाडगीळ फॉर्म्युला म्हणजे राज्यांना केंद्रीय मदत वाटून देण्याचं सूत्र.)

नेहरूंचे मंत्री आणि नंतर पंजाबचे राज्यपाल होते ते काकासाहेब, म्हणजे नरहर विष्णू गाडगीळ. अर्थतज्ज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ वेगळे. तारखा पाहिल्या की शंका उरत नाही : काकासाहेब दिल्लीत मंत्री असताना धनंजयराव पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते, १९३० पासून.

धनंजयरावांचं काम मंत्रिपदाशिवायही फार मोठं आहे. विठ्ठलराव विखे पाटलांसोबत त्यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांच्या त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयरावच. १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना योजनेसाठी मिळणारी केंद्रीय मदत मर्जीवर न राहता निकषांवर यावी, म्हणून १९६९ चं ते सूत्र, म्हणजेच गाडगीळ फॉर्म्युला : ६० टक्के भार लोकसंख्येला, उरलेला दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणींना.

(पश्चिम घाट अहवालाचे माधव गाडगीळ हे त्यांचे चिरंजीव.)

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर तो गेला असेल, तिथे हा खुलासा टाका.