‘नॅस तापतो म्हणून बंद पडतो’: उन्हाळी फॉरवर्डचा एकेक मुद्दा

ऊन तापलं की नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या आणि कॉलेज रोडवरच्या ऑफिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: नॅस (नेटवर्कवर सगळ्यांच्या फायली ठेवणारा डिस्कचा बॉक्स) किंवा स्टोरेज सर्व्हर मधेच बंद होऊन पुन्हा चालू होतो, कारण डिस्क तापतात. एसी १८ वर ठेवा, झाकण काढून समोर टेबलफॅन लावा. यूपीएस असेल तर विजेची चिंता नको. डिस्क दिसेनाशी झालीच तर पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा.

‘बंद पडतो तो तापल्यामुळे.’ बहुतेक वेळा नाही. तापलेला बॉक्स आधी कुरकुरतो: पंख्यांचा आवाज वाढतो, लॉगमध्ये तापमानाच्या सूचना येतात, मग तो स्वतःहून रीतसर बंद होतो आणि बंदच राहतो. काहीही न सांगता काळोख, दोन-चार सेकंदांत पुन्हा चालू, आणि लॉगमध्ये ‘आधी नीट बंद झाला नव्हता’ एवढीच नोंद, हे विजेचं लक्षण.

३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टच्या लाइनवर सुमारे २ ॲम्पिअर ओढते, म्हणजे २४ वॅट. एकदा वेग घेतला की ५ ते ८ वॅटवर भागतं. चार डिस्क एकदम उठल्या तर ९६ वॅट. बोर्ड आणि पंखे वेगळेच. १०० वॅटचा ॲडाप्टर नवा असताना हे कसंबसं निभावतो. पण त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश जास्त तापमानाला साधारण निम्मं होतं, आणि ॲडाप्टर नेमका कपाटामागे फायलींखाली दडपलेला असतो. उन्हाळा दोषी आहेच, फक्त त्याचा पहिला बळी डिस्क नसून ॲडाप्टर असतो.

तपासायचं असं. नॅस रीतसर बंद करा, डिस्कवर खण क्रमांक लिहून त्या बाहेर काढा आणि रिकामा बॉक्स तासभर चालवा. तरीही रिस्टार्ट झाला तर ॲडाप्टर किंवा बोर्ड. रिकामा नीट चालतो आणि चारही डिस्क त्याच क्रमाने परत लावल्यावरच कोसळतो, तर पहिला संशय ॲडाप्टरवर. तितक्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा जास्त ॲम्पिअरचा, त्याच पोलॅरिटीचा (पिनची अधिक-उणे बाजू तीच असलेला) ॲडाप्टर लावून बघा. सर्व्हरमध्ये मोकळ्या मोलेक्सच्या (डिस्कला वीज देणाऱ्या चार पिनांच्या कनेक्टरच्या) पिवळ्या आणि काळ्या वायरीवर मल्टिमीटर धरा, ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, तेही डिस्क उठत असताना. लोड नसताना मरायला टेकलेला पॉवर सप्लायही १२.१ दाखवतो. डिस्क एकेक करून उठवायची सेटिंग असेल तर ती चालू करा.

स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या, नोंदीही बोलतात. सगळ्या डिस्कचे नोंद क्रमांक १२ (किती वेळा वीज चालू झाली) आणि १९२ (किती वेळा अचानक गेली) यांचे आकडे रोज एकत्र वाढत असतील तर वीज तुटते आहे. एकाच डिस्कचे वाढत असतील तर त्या खणाचा कनेक्टर सैल आहे. १९९ (डेटा पाठवताना झालेल्या चुका) वाढला तर डेटा केबल किंवा बॅकप्लेन (डिस्क ज्यात बसतात तो मागचा बोर्ड) बघा. तापमान १९४ मध्ये दिसतं.

‘एसी १८ वर.’ सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी अशी ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस आहे. २५ पुरेसं आहे. गूगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात थंड डिस्क जास्त टिकल्याचं दिसलं नाही. तापमानाचा फटका दिसला तो अगदी वरच्या टप्प्यात. उलट एसी आणि नॅस एकाच लाइनवर असतील तर कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि रिस्टार्ट वाढतात. एमसीबीपासून वेगळी लाइन ओढा.

‘झाकण काढा.’ पंखे पुढून हवा ओढून डिस्कच्या फटींतून मागे काढतात. झाकण उघडलं की हवा जवळची वाट धरते आणि डिस्क कोंडतात. शिवाय अंबडमध्ये शेजारी धातू कापणारं सीएनसी मशीन असेल तर टेबलफॅन धातूची बारीक भुकटी थेट बोर्डावर टाकतो, आणि तिच्यातून वीज वाहते. झाकण लावा, रिकाम्या खणांना पट्ट्या बसवा, दोन-तीन महिन्यांनी फिल्टर झाडा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

‘यूपीएस आहे ना!’ ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बंद खोलीच्या उन्हाळ्यात तीन वर्षांतच थकते, पण हिरवा दिवा लागलेलाच असतो. नॅसऐवजी १०० वॅटचा बल्ब लावून प्लग काढा आणि मिनिटं मोजा. बॅटरी संपत आल्याचं नॅसला कळवणारी यूपीएसची यूएसबी केबल जोडलेली नसेल, तर बॅटरी संपताच तो धाडकन पडणारच. घरगुती इन्व्हर्टर असेल तर यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे तो बॅटरीवर लवकर जातो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३ व्होल्टहून जास्त दिसले तर वायरमनला बोलवा. मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घाला.

‘फ्रीजर.’ मुळीच नको. साध्या डिस्कला हवेचं छिद्र असतं. बाहेर काढताच आत दव धरतं आणि प्लॅटरवर (फिरणाऱ्या तबकडीवर) वाचणारं हेड घासतं. हेलियमच्या डिस्क सीलबंद असल्या तरी त्यांचा सर्किट बोर्ड उघडाच असतो. टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा, पुन्हा चालू करून बघू नका, आणि रेडची (अनेक डिस्क मिळून डेटा जपणाऱ्या मांडणीची) रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर पुनर्रचना, दाबण्याआधी उरलेल्या डिस्कची पूर्ण प्रत काढून घ्या.